डाउनचे टपाल : डार्विनच्या वनस्पती-पत्रांचा आढावा

चार्ल्स डार्विन म्हटले की शाळेच्या पुस्तकामुळे तीनच गोष्टी आठवतात: बीगल जहाज, गालापागोस बेटांवरचे फिंच पक्षी आणि माकडाच्या धडावर दाढीवाले डोके बसवलेले ते व्यंगचित्र. वनस्पती त्यात कुठेच नसतात. पण १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ निघाल्यानंतर मृत्यूपर्यंत त्याने जी पुस्तके लिहिली, त्यांतली सहा निव्वळ वनस्पतींवरची आहेत. ऑर्किडचे परागण, वेलींचे चढणे, कीटकभक्षी वनस्पती, स्वपरागण आणि परपरागण, एकाच जातीतली वेगवेगळ्या बांधणीची फुले, आणि रोपांची हालचाल. लंडनपासून सोळा मैलांवरच्या डाउन नावाच्या खेड्यात, घरामागच्या बागेत आणि खिडकीतल्या कुंड्यांत, हे सगळे काम झाले. विद्यापीठातली जागा नाही, पगारी सहायक नाहीत, तब्येत कायमची नरम. मग हे जमले कसे, याचे उत्तर त्याच्या टपालात आहे.

डार्विनने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रे आज ठाऊक आहेत, आणि पत्रलेखकांची संख्या २,००० च्या घरात जाते. ती सगळी शोधून, वाचून, टिपा देऊन छापण्याचे काम फ्रेडरिक बर्कहार्ट यांनी १९७४ मध्ये सुरू केले. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने पहिला खंड १९८५ मध्ये काढला आणि तिसाव्या खंडाने ते काम अलीकडेच पुरे झाले. त्यामुळे आतापर्यंत तुकड्यातुकड्यांनी मांडला जाणारा एक प्रश्न आता सबंध मांडता येतो. ही पत्रे डार्विनच्या संशोधनाची पुरवणी होती, की संशोधन मुळात पत्रांतच घडत होते? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, निदान वनस्पतींपुरते तरी. मात्र त्याला एक जोडही आहे. टपाल जिथवर पोचत होते तिथवरच डार्विनची नजर पोचली, आणि जिथे ते गेले नाही तिथे हातात आलेला पुरावाही त्याला ओळखता आला नाही.

आधी या साधनाची मर्यादा सांगायला हवी. मुलगा फ्रान्सिस याने नोंदवले आहे की वडील आलेली पत्रे लोखंडी सळ्यांना टोचून ठेवत आणि सळ्या भरल्या की कित्येक वर्षांची पत्रे एकदम जाळून टाकत. १८६२ च्या सुमारास ही सवय सुटली. म्हणजे सिद्धान्त घडत होता त्या काळातला पत्रव्यवहार बराचसा एकतर्फी आहे. डार्विनची पत्रे इतरांनी जपली, इतरांची त्याने जपली नाहीत. शिवाय कामाचा मजकूर असलेले पत्र तो सरळ कापून विषयवार फायलीत टाकत असे, म्हणून एकाच पत्राचे दोन तुकडे दोन ठिकाणी सापडतात. पुढे फ्रान्सिसने १८८७ मध्ये तीन खंडांत ‘लाइफ अँड लेटर्स’ काढले, त्यातही घरच्यांना अडचणीचा वाटणारा, विशेषतः धर्माविषयीचा, मजकूर गाळला. जवळजवळ शतकभर वाचकांनी पाहिलेला डार्विन हा असा चाळून घेतलेला होता.

वनस्पतींच्या पत्रव्यवहाराचा कणा म्हणजे जोसेफ डाल्टन हुकर. क्यू येथील राजउद्यानाशी वडिलांपासून नाते, दक्षिण ध्रुवाकडच्या सफरीवर जाऊन आलेला, डार्विनपेक्षा आठ वर्षांनी लहान. दोघांमध्ये चाळीस वर्षांत सुमारे १,४०० पत्रे गेली-आली. ११ जानेवारी १८४४ च्या पत्रात डार्विनने त्याला पहिल्यांदा सांगितले की जाती अचल नाहीत असे आपल्याला वाटू लागले आहे, आणि हे म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखे आहे. हे वाक्य इतके गाजले की त्यावर एक अख्खे कथानक उभे राहिले: डार्विन समाजाला भ्याला आणि वीस वर्षे सिद्धान्त दडवून बसला. इतिहासकार जॉन व्हॅन वाय यांनी २००७ मध्ये या कथानकाला जोरदार हरकत घेतली. त्यांच्या मते डार्विनने काहीच दडवले नाही. हाती घेतलेली कामे संपवून मग या विषयाकडे वळायचे, असा त्याचा साधा क्रम होता. हुकरचे उत्तर वाचले तर भीतीचे कथानक खरोखरच पातळ होते. त्याने कानांवर हात ठेवले नाहीत. जातींमध्ये हळूहळू बदल झाले असणे शक्य आहे, तुमची कल्पना ऐकायला आवडेल, असेच त्याने कळवले. मला या वादात व्हॅन वाय यांची बाजू अधिक पटते, पण पूर्ण नाही. माणूस विनोदाने का होईना, खुनाची उपमा उगाच देत नाही. शिवाय त्याच वर्षी जाती बदलत आल्या असे मांडणारे ‘व्हेस्टिजेस’ हे निनावी पुस्तक निघाले आणि शास्त्रज्ञांनी त्याची जी सालटी काढली ती डार्विनने पाहिली होती. पुरेशा पुराव्याशिवाय तोंड उघडायचे नाही, हा धडा त्यातून मिळाला असणार.

तो पुरावा जमवण्याची पद्धत पाहायची तर १८५५ चे वर्ष पाहावे. प्रश्न असा होता: समुद्रातल्या दूरच्या बेटांवर मुख्य भूमीवरच्या वनस्पती पोचल्या कशा? एडवर्ड फोर्ब्जसारख्यांचे उत्तर सोपे होते. पूर्वी तिथे जमीन होती, ती बुडाली. हुकरचाही ओढा तिकडेच. डार्विनला हे भूखंड हवे तेव्हा वर काढणे आणि हवे तेव्हा बुडवणे मान्य नव्हते. बिया समुद्रातून वाहत गेल्या असतील, असे त्याचे म्हणणे. पण खारे पाणी बी मारते, असा सर्वसाधारण समज होता. मग त्याने लहान बाटल्यांत खारे पाणी घेऊन त्यांत क्रेस, लेट्यूस, मुळा, कोबी, गाजर असल्या घरगुती बिया टाकल्या. काही बाटल्या बाहेर सावलीत, काही तळघरात बर्फ घातलेल्या टाकीत. ठरावीक दिवसांनी थोड्या बिया काढून पेरायच्या. कोबी-मुळ्याच्या पाण्याला असह्य वास सुटला. मुले रोज विचारू लागली की बाबा डॉक्टर हुकरना हरवणार का. क्रेस आणि लेट्यूस एकवीस दिवसांनंतरही तरारून उगवले, तेव्हा हुकरला लिहिलेल्या पत्रात डार्विनचा आनंद लपत नाही.

आणि मग आपलेच गणित त्याच्या अंगावर आले. भिजलेल्या बिया जिवंत राहतात खऱ्या, पण त्या बुडतात! बुडणारी बी अटलांटिक कशी ओलांडणार? या कृतघ्न पोरांना एवढे खारवून उपयोग काय, अशा अर्थाचे वैतागाचे पत्र त्याने हुकरलाच लिहिले. नंतर एक युक्ती सुचली. फांदी फळांसकट वाळवून मग पाण्यात टाकली तर? हेझलची पिकलेली फळे ताबडतोब बुडत, पण वाळवलेली नव्वद दिवस तरंगली आणि नंतर उगवलीही. अखेरचे आकडे ‘ओरिजिन’मध्ये आहेत. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजले, काही तर १३७ दिवसांनंतर. वाळवलेल्या ९४ वनस्पतींपैकी १८ जणी २८ दिवसांपेक्षा जास्त तरंगल्या. दोन्ही आकड्यांचा मेळ घालून त्याने हिशेब मांडला की कुठल्याही देशातल्या शंभर वनस्पतींमागे चौदांच्या बिया ९२४ मैल वाहत जाऊन उगवू शकतील.

या काळातल्या पत्रांत फसलेले प्रयोगही मोकळेपणाने येतात. प्राणिसंग्रहालयातल्या माशांना बिया खाऊ घालाव्यात, मासा बगळ्याने गिळावा, बगळा शंभर मैल उडून दुसऱ्या तळ्याकाठी विष्ठा टाकील आणि तिथे रोप उगवेल, असा त्याचा बेत. माशांनी बिया तोंडात घेतल्या आणि थुंकून टाकल्या. तळ्याकाठचा तीन चमचे चिखल त्याने सहा महिने अभ्यासिकेत झाकून ठेवला. कपात मावेल एवढ्या त्या चिखलातून ५३७ रोपे उगवली. आल्फ्रेड न्यूटनने पाठवलेल्या तितराच्या पायाला मातीचा गोळा चिकटलेला होता, त्यातून ८२ रोपे निघाली. दक्षिण आफ्रिकेतून टोळांची विष्ठा टपालाने आली, त्यातूनही गवताची सात रोपे आली. या नोंदी गमतीच्या म्हणून सांगितल्या जातात. पण त्यांच्या मागे मोठा वाद उभा आहे, आणि प्रत्येक नोंद हुकर मान्य करील का, या कसोटीला लावलेली आहे. आपल्या विरोधात बोलणारा माणूस त्याने मुद्दाम जवळ ठेवला होता.

प्रयोगाची बातमी पसरवण्याचे आणि प्रश्न विचारण्याचे आणखी एक साधन होते ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ हे बागाईतदारांचे साप्ताहिक. खारवलेल्या बियांची पहिली टिपणे तिथेच छापून आली. मधमाश्या आणि घेवड्याचे परागण, फळझाडांच्या जाती यांविषयीचे त्याचे प्रश्नही तिथे येत. विद्वत्सभेत जो माळी कधी तोंड उघडू शकला नसता तो या साप्ताहिकातून डार्विनला उत्तर देत असे. याच साप्ताहिकात एप्रिल १८६० मध्ये पॅट्रिक मॅथ्यू या बागाईतदाराने दावा केला की नैसर्गिक निवडीची कल्पना आपण १८३१ मध्येच, जहाजबांधणीच्या लाकडावरच्या पुस्तकाच्या परिशिष्टात, मांडली होती. डार्विनने तो उतारा वाचला आणि दोन आठवड्यांत त्याच साप्ताहिकात अग्रक्रम जाहीरपणे मान्य केला. लाकडाच्या पुस्तकाचे परिशिष्ट आपण वाचले नाही याचे कुणाला नवल वाटू नये, एवढी पुस्ती मात्र जोडली.

दुसरा मोठा पत्रमित्र अमेरिकेत, हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे. डार्विनने त्याला एप्रिल १८५५ मध्ये पहिले पत्र लिहिले ते अमेरिकेतल्या उंच पर्वतांवरच्या वनस्पतींची यादी मागण्यासाठी. याद्यांचे वेड त्या दिवसांत जोरात होते. मोठ्या प्रजातींमध्ये उपजाती जास्त असतात, म्हणजे नव्या जाती तिथेच घडत आहेत, हे दाखवण्यासाठी तो एकामागून एक वनस्पतिकोश घेऊन मोजणी करत होता. जुलै १८५७ मध्ये शेजारच्या तरुण जॉन लबकने दाखवून दिले की मोजणीची रीतच चुकली आहे. डार्विनने लबकचे मनापासून आभार मानले, हुकरकडे आपल्या गोंधळलेल्या डोक्याबद्दल रडगाणे गायले आणि सगळे आकडे पुन्हा काढले.

५ सप्टेंबर १८५७ रोजी त्याने ग्रेला सिद्धान्ताचा सारांश पाठवला, आणि कुणाला सांगू नको, ‘व्हेस्टिजेस’सारखा एखादा लेखक हे उचलील, अशी ताकीदही दिली. पुढच्या जूनमध्ये तर्नाते बेटावरून निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसचे, तोच सिद्धान्त मांडणारे टिपण आले आणि या पत्राचे मोल बदलले. १ जुलै १८५८ ला लिनियन सोसायटीत जे वाचले गेले त्यात डार्विनच्या १८४४ च्या निबंधाचा भाग, ग्रेला लिहिलेल्या पत्रातला सारांश आणि वॉलेसचे टिपण, असा क्रम होता. खाजगी पत्र हा अग्रक्रमाचा दस्तऐवज ठरला. ही जुळवणी भूगर्भशास्त्रज्ञ लायेल आणि हुकर यांनी केली. डार्विन घरी होता, त्याचा दीड वर्षाचा मुलगा २८ जूनला लाल तापाने गेला होता. वॉलेस हजारो मैलांवर होता, आणि त्याची संमती कुणी मागितली नव्हती. वॉलेसचे मूळ पत्र हरवले आहे, आणि त्यामुळे डार्विनने ते आधीच मिळवून दडवले असे आरोप करायला लोकांना जागा मिळाली. जहाजांची वेळापत्रके तपासून व्हॅन वाय आणि रूकमाकर यांनी २०१२ मध्ये दाखवले की डार्विन सांगतो त्या तारखेला, म्हणजे १८ जूनला, पत्र पोचणे पूर्णपणे जुळते. चोरीचा आरोप माझ्या मते इथे संपतो. वॉलेसला न विचारता त्याचे टिपण वाचले गेले ही खटकणारी गोष्ट मात्र उरते, जरी त्याने स्वतः पुढे समाधान व्यक्त केले असले तरी.

‘ओरिजिन’च्या प्रकाशनाविषयीच्या पत्रांवर फार वेळ घालवत नाही. त्यातला बराच भाग कोणत्याही लेखकाचा असतो तसाच आहे. पुस्तकाच्या नावात ‘सारांश’ हा शब्द डार्विनला हवा होता, प्रकाशक जॉन मरे यांना नको होता. मरे यांनी हस्तलिखित ज्यांना दाखवले त्या व्हिटवेल एल्विन यांनी सुचवले की सिद्धान्त राहू द्या, कबुतरांवर लिहा, कबुतरे सर्वांना आवडतात. सल्ला मानला गेला नाही. २४ नोव्हेंबर १८५९ ला १,२५० प्रतींची आवृत्ती निघाली, जानेवारीत ३,००० ची दुसरी. अमेरिकेत परदेशी लेखकाला हक्क नव्हते, तिथे ग्रेने प्रकाशकांशी बोलून डार्विनला मोबदला मिळवून दिला, परीक्षणे लिहिली, विरोधकांना उत्तरे दिली. हाच ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि बदलांमागे ईश्वरी योजना आहे असे मानत होता. जिवंत अळीच्या शरीरात अंडी घालणारी गांधीलमाशी कोणा दयाळू कर्त्याने मुद्दाम योजली असेल हे मला पटत नाही, असे डार्विनने त्याला मे १८६० मध्ये कळवले. मतभेद मिटला नाही, पत्रे थांबली नाहीत.

मग फुले आली. फुलांच्या या कामाकडे फार काळ थकलेल्या माणसाचा विरंगुळा म्हणून पाहिले गेले. पत्रे वेगळेच सांगतात. १८६२ च्या ऑर्किडवरच्या पुस्तकाविषयी ग्रेला लिहिताना त्याने ही शत्रूवर बगलेकडून केलेली चाल असल्याचे म्हटले आहे. फुलांचे सौंदर्य हा ईश्वरी योजनेचा आवडता पुरावा होता. डार्विनने दाखवले की ऑर्किडचा प्रत्येक पडदा, खाच, चिकट गोळी ही कीटकाच्या अंगावर पराग चिकटवण्यासाठी जुन्या अवयवांतूनच घडली आहे. जानेवारी १८६२ मध्ये जेम्स बेटमन यांनी पाठवलेल्या पेटीत मादागास्करचे अँग्रेकम हे ऑर्किड होते, त्याची मधाची नळी जवळजवळ फूटभर लांब. कोणता कीटक हा मध पीत असेल, असे त्याने हुकरला आश्चर्याने विचारले आणि पुस्तकात लिहून टाकले की दहा-अकरा इंच सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. तो पतंग १९०३ मध्ये नोंदला गेला आणि त्याच्या शास्त्रीय नावातच ‘भाकीत केलेला’ हे विशेषण बसले. प्रत्यक्ष फुलावर येताना तो १९९२ मध्ये पाहण्यात आला.

प्रिमरोझच्या फुलांत लांब आणि आखूड कुक्षीवृंताचे दोन प्रकार असतात, आणि एका प्रकाराचा पराग दुसऱ्या प्रकारावर पडला तरच बी नीट धरते. हे १८६१ मध्ये सिद्ध केल्यावर तो लिथ्रमकडे वळला, ज्याच्या फुलांचे तीन प्रकार असतात, आणि ग्रेला लिहून मोकळा झाला की या लिथ्रमने आपल्याला ठार वेडे केले आहे. स्वपरागण आणि परपरागण यांची तुलना तर त्याने अकरा वर्षे चालवली. परपरागणाची रोपे उंच, जोमदार. मामेबहिणीशी लग्न केलेल्या, तीन मुले गमावलेल्या माणसाला या प्रश्नात केवळ फुलांपुरता रस नव्हता, हे उघड आहे.

दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा ही कीटकभक्षी वनस्पती, त्याला १८६० च्या उन्हाळ्यात ससेक्समध्ये भेटली. त्या नोव्हेंबरात, ‘ओरिजिन’वरून सगळीकडे रण माजलेले असताना, तो लायेलला लिहितो की जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा मला या घडीला ड्रोसेराची काळजी जास्त आहे. मांस, अंडे, दूध, काच, केस, जे मिळेल ते तो पानावर ठेवत होता. फॉस्फेट ऑफ अमोनियाचा एका ग्रेनचा दोन कोटींशावा भागही पानाचे केस वाकवायला पुरतो, हे दिसल्यावर आपल्याच आकड्यावर त्याचा विश्वास बसेना. म्हणून तो पुन्हा पुन्हा तपासत राहिला आणि पुस्तक १८७५ पर्यंत लांबले. मध्यंतरी न्यू जर्सीच्या मेरी ट्रीट या निसर्गलेखिकेशी पत्रव्यवहार सुरू झाला. युट्रिक्युलेरिया या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीच्या फुग्यांत जलकीटक कसे अडकतात हे तिने तासन्तास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. या बाबतीत तिने इतर कुणाहीपेक्षा अधिक यश मिळवले, हे डार्विनने पुस्तकात मान्य केले आहे. त्याचा स्वतःचा समज असा होता की किडे डोक्याने झडप ढकलून आत शिरतात. फुगा त्यांना पाण्यासकट आत ओढतो हे विसाव्या शतकात कळले. पावसाळ्यात कासच्या पठारावर गेलेल्यांनी दवबिंदू आणि सीतेची आसवे दोन्ही पाहिली असतील. सीतेची आसवे म्हणजे हेच युट्रिक्युलेरिया. निळ्या-जांभळ्या फुलांचे फोटो सगळे काढतात, फुगे चिखलात असल्याने कुणी पाहत नाही.

सह्याद्रीशी जुळणारा आणखी एक धागा वेलींचा. ग्रेच्या एका छोट्या लेखाने आणि त्याने पाठवलेल्या बियांनी डार्विनला ताणांच्या नादाला लावले. आजारी असताना खोलीत ठेवलेली सेरोपेजियाची वेल त्याने मोजली: ३१ इंच लांब शेंडा सव्वापाच ते पावणेसात तासांत एक फेरी घेतो आणि टोक ताशी ३२-३३ इंच वेगाने सोळा फुटांचा परीघ फिरते. त्या वेलीची जात श्रीलंकेची होती. सह्याद्रीच्या कड्यांवरची कंदीलपुष्पे त्याच प्रजातीची, आणि त्यांतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

भारताशी थेट संबंध मात्र कलकत्त्यामार्गे येतो. एडिंबरोच्या बागेतला जॉन स्कॉट हा तरुण माळी. नोव्हेंबर १८६२ मध्ये त्याने डार्विनला लिहिले की अ‍ॅक्रोपेरा या ऑर्किडबद्दल तुम्ही छापले ते चूक आहे, मी त्याला फळ धरवले आहे. डार्विन खूश! पुढची दीड-दोन वर्षे त्याने स्कॉटला प्रयोग सुचवले, त्याचा निबंध लिनियन सोसायटीत पोचवला, आणि एडिंबरोत त्याचे वरिष्ठांशी पटेनासे झाले तेव्हा भारताच्या प्रवासाचा खर्च दिला. स्कॉट कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात अधिकारी झाला आणि तिथून गांडुळांच्या विष्ठेच्या ढिगांपासून लोकांच्या चेहऱ्यावरच्या भावांपर्यंत माहिती पाठवत राहिला. ही गोष्ट डार्विनच्या दिलदारपणाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण तिचा दुसरा अर्थही आहे. गुणी माळ्याला इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये शास्त्रज्ञाची खुर्ची नव्हती, वसाहतीत होती. जिम एन्डर्सबी यांनी ‘इम्पीरियल नेचर’मध्ये (२००८) दाखवले आहे की हुकरला वसाहतींतले लोक नमुने पाठवणारे हवे होते, मते मांडणारे नकोत. आणि त्या नमुन्यांमागचे देशी माळी, वाटाडे, टोपली वाहणारे लोक पत्रांत बहुतेक निनावीच राहतात. जगभर पसरलेले हे टपाल साम्राज्याच्या जहाजांवरून फिरत होते. जॅनेट ब्राउन यांच्या दोन खंडी चरित्राने हे आधीच नीट मांडले. मला या बाबतीत पत्रखंडांच्या काही भक्तांपेक्षा त्यांचा सूर जास्त खरा वाटतो.

ब्राझीलमधला फ्रिट्झ म्युलर, मँचेस्टरची लिडिया बेकर, आपल्या काचगृहातली दुर्मिळ झाडे उसनी देणारी लेडी डोरोथी नेव्हिल यांचे उल्लेख धावतेच करतो. बेकरने रोगट फुले पाठवली आणि नंतर स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचे नेतृत्व केले. म्युलरशी सतरा वर्षे पत्रे झाली, भेट एकदाही नाही. १८८० च्या पुरात त्याचे नुकसान झाल्याचे कळताच डार्विनने पैसे देऊ केले.

एवढे सगळे जाळे, आणि तरी एक माणूस त्यातून निसटला. ब्रनोच्या मठातला ग्रेगोर मेंडेल. वाटाण्याच्या संकरावरचा त्याचा निबंध १८६६ मध्ये छापून आला. डार्विनकडे त्या निबंधाची प्रत होती आणि त्याने तिची पानेही फाडली नाहीत, अशी एक कथा फिरते. ती खरी नाही, प्रत त्याच्याकडे नव्हतीच. खरे आहे ते एवढे की मेंडेलचा उल्लेख असलेले, वनस्पतींच्या संकरावरचे फोक्के यांचे १८८१ चे पुस्तक त्याच्याकडे होते आणि त्यातली ती पाने न कापलेली आहेत. मेंडेलने मात्र ‘ओरिजिन’चा जर्मन अनुवाद खुणा करत वाचला होता. दोघांमध्ये एकही पत्र नाही.

याहून चुटपुट लावणारी गोष्ट वेगळी आहे. डार्विनने नेहमीच्या आणि विचित्र, सर्व बाजूंनी सारख्या घडणीच्या स्नॅपड्रॅगनचा संकर केला होता. पहिल्या पिढीत सगळी फुले नेहमीसारखी. दुसऱ्या पिढीतल्या १२७ रोपांत ८८ नेहमीची, ३७ विचित्र, दोन मधली. तीनास एकाच्या, म्हणजे मेंडेलच्याच गुणोत्तराच्या, जवळ जाणारे हे प्रमाण त्याच्या वहीत होते, नंतर छापूनही आले. त्याने त्याला पूर्वजांकडे परतणे म्हटले. फेब्रुवारी १८६६ मध्ये तो वॉलेसला लिहितो की दोन रंगांच्या स्वीट पीचा संकर केला तर दोन्ही रंग शुद्ध आले, मधला एकही नाही. म्हणजे गुण एकमेकांत मिसळत नाहीत हेही त्याने पाहिले होते. पण त्याला मोजायचे होते ते बदल, आणि तेही हळूहळू होणारे. त्याच्या पत्रांतला कुणीही त्याला गुणोत्तराचा प्रश्न विचारत नव्हता. हुकर भूगोल विचारी, ग्रे ईश्वर विचारी, माळी लोक जाती विचारीत. गणिताच्या अंगाने संकराकडे पाहणारा एक मित्र असता तर, असे वाटून जाते. पॅनजेनेसिस हा १८६८ चा त्याचा आनुवंशिकतेचा तर्क चुकला त्याची मुळे इथे आहेत.

शेवटच्या वर्षांत मुलगा फ्रान्सिस हाच त्याचा सहकारी झाला. तो वुर्झबर्गला युलियस झाक्स यांच्या सुसज्ज प्रयोगशाळेत शिकायला गेला, आणि बापलेकांची पत्रे झोपणाऱ्या पानांवरून आणि वाकणाऱ्या कोंबांवरून चालू राहिली. १८८० च्या ‘पॉवर ऑफ मूव्हमेंट’मध्ये दोघांनी दाखवले की गवताच्या कोंबाचे टोक काळ्या टोपीने झाकले तर तो प्रकाशाकडे वळत नाही. प्रकाश टोकाला कळतो, वाकणे खाली होते. झाक्सने घरगुती प्रयोग म्हणून नाक मुरडले. ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचा शोध १९२० च्या दशकात याच धाग्यावरून लागला. त्याच काळात बेलफास्टच्या जेम्स टॉर्बिटला करप्याला दाद न देणारे बटाटे संकराने तयार करता यावेत म्हणून डार्विन स्वतःच्या खिशातून पैसे देत होता आणि सरकारी मदतीसाठी ओळखीच्यांना पत्रे लिहीत होता. मदत आली नाही.

जुलै १८७९ मध्ये त्याने हुकरला कळवले की फुलझाडांचा जीवाश्मांत एकाएकी झालेला भरभराटीचा उदय हे एक किळसवाणे गूढ आहे. त्या गूढावर आजही निबंध निघतात आणि बहुतेकांची सुरुवात याच पत्रापासून होते. पस्तीसहून अधिक वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर स्वतःच्या सिद्धान्ताला अडचणीची असलेली गोष्ट तो ज्याच्याशी सर्वांत जास्त भांडला त्याच मित्रापुढे ठेवतो, हे मला त्याच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा अधिक बोलके वाटते.

तीसही खंड वाचायला कुणाला सवड नसते. पत्रे आता सर्वांना विनामूल्य वाचता येतात, तेव्हा पाचव्या खंडातली १८५५ ची हुकरला लिहिलेली पत्रे आधी घ्यावीत, मग आठव्यातली ग्रेची आणि दहाव्यातली ऑर्किड आणि स्कॉटची. ‘ओरिजिन’ त्यानंतर उघडावे. त्यातले बेटांवरच्या वनस्पतींचे प्रकरण मग कोरडे लागणार नाही.